यादी कोठे लिहावी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चेन्नई येथे दिलेले व्याख्यान)



ह्या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि तंजावरच्या मराठ्यांवर विद्वानांनी विवेचन केले आहे. त्या पंक्तीत आमचेही पान मांडले गेले, हा केवळ चिटणिसांच्या आग्रहाचा परिणाम होय. आम्ही जन्मभर ड्राफ्ट्समन. बोलण्यासारखे आमच्यापाशी काय असणार? तरी ते विषय विचारावयास आले तेव्हा आम्ही सांगितले, की यंत्राच्या ड्रॉइंगवर सुट्या भागांची लांबलचक यादी कशी बसवावी, एवढ्याच विषयावर आम्हांस अधिकारवाणीने बोलता येईल. चिटणीस क्षणभर स्तब्ध राहिले आणि मग सौजन्याने म्हणाले, “वीस मिनिटे पुरतील ना?” ह्या प्रश्नात आमची छत्तीस वर्षे गेली आहेत. वीस मिनिटांत काय साधते ते पाहू.

ज्यांचा ह्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. यंत्राची जुळणी दाखविणारे ड्रॉइंग म्हणजे सगळे भाग आपापल्या जागी बसल्यावर यंत्र कसे दिसेल त्याचे चित्र. त्या चित्रातील प्रत्येक भागापासून एक बारीक रेषा बाहेर काढतात आणि तिच्या टोकाशी वर्तुळात एक आकडा लिहितात. ह्या वर्तुळाला आम्ही बलून म्हणतो. आकडा म्हणजे त्या भागाचे नाव नव्हे, तो केवळ यादीत जाण्याचा दरवाजा आहे. यादीत त्या आकड्यापुढे भागाचे नाव, किती नग, कोणत्या धातूचा, त्याचे स्वतंत्र ड्रॉइंग कोणते, विकत घ्यावयाचा असल्यास कोणत्या मानकाचा आणि शेवटी शेरा, असे रकाने असतात. इंग्रजी जाणणारे तिला पार्ट लिस्ट म्हणतात. खरेदी खात्यातले लोक बिल ऑफ मटेरियल म्हणतात. आमच्या घरात मात्र तिला ‘ह्यांचे वाणसामान’ असे नाव पडले होते आणि ते काही अगदीच चुकीचे नव्हते. पाककृती चुलीपाशी वाचतात, वाणसामानाची यादी दुकानात वाचतात. एकाच कागदावर दोन्ही लिहिली, की कोणाची तरी पंचाईत ठरलेली.

आता कागदाविषयी. आपण ज्याला ए-४ म्हणतो त्या कागदाचे घराणे जर्मनीत १९२२ साली मानक म्हणून ठरले. त्यातील सर्वांत मोठा ए-० म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. तो मध्यावर दुमडला की ए-१, तो दुमडला की ए-२, आणि दर वेळी लांबी-रुंदीचे प्रमाण तेच राहते. अक्षरांच्या उंचीही ह्याच प्रमाणात ठरविल्या आहेत: अडीच मिलिमीटर, साडेतीन, पाच, सात, दहा. म्हणजे ए-० वरचे ड्रॉइंग ए-१ वर लहान करून छापले, तर साडेतीन मिलिमीटरचे अक्षर आपोआप अडीचचे होते आणि तरीही मानकात बसते. ज्यांनी हे योजिले त्यांच्याविषयी आम्हांस नितांत आदर आहे. ह्या योजनेचा अर्थ असा, की ड्रॉइंग करणाऱ्याने पुढे कधी तरी ते लहान होणार आहे हे गृहीतच धरावे.

ए-१ कागद ८४१ मिलिमीटर लांब आणि ५९४ उंच. डावीकडे फायलीत लावण्यासाठी वीस आणि उरलेल्या तीन बाजूंना दहा-दहा मिलिमीटर सोडले, तर आत ८११ बाय ५७४ ची चौकट राहते. उजव्या खालच्या कोपऱ्यात नाव, क्रमांक, सह्या आणि प्रमाण लिहिण्याची शीर्षकचौकट. ती आमच्याकडे १८५ रुंद आणि ६५ उंच असे. तिच्या डोक्यावर यादी. वर उरली ५०९ मिलिमीटर जागा. ओळ सात मिलिमीटरची धरली तर ७२ ओळी होतात आणि त्यांतील एक मथळ्याला गेली, की ७१ भाग मावतात. बहात्तरावा भाग आला, की ड्राफ्ट्समनच्या कपाळावर आठ्या.

बहात्तराव्या भागासाठी शीर्षकचौकटीच्या डावीकडे दुसरा रकाना उभा करावा, असा प्रघात आहे. वाचावयास तो सोपा. पण त्याचे भाडे जबर. दोन रकान्यांनी ८११ पैकी ३७० मिलिमीटर खाल्ले, म्हणजे चित्राला ४४१ उरले. जे यंत्र निम्म्या आकारात काढावयाचे होते ते एक-पंचमांश आकारात काढावे लागते, कारण मधली प्रमाणे मानकात नाहीत. एक-पंचमांशावर चावीचा गाळा दिसत नाही, तेलाचे भोक दिसत नाही, आणि बलूनच्या रेषा एकमेकींत अशा गुंततात की जणू पतंगाचा मांजा. यादी वाढली, की चित्र आंधळे होते. चित्र मोठे ठेवले, की यादी आंधळी होते.

आणखी एक गोष्ट नवख्यास चमत्कारिक वाटते. ड्रॉइंगवरची यादी खालून वर लिहितात. मथळा सर्वांत खाली, त्याच्यावर पहिला भाग, त्याच्यावर दुसरा, अशी ती भिंतीसारखी रचत जावयाची. आम्ही कामावर रुजू झालो त्या आठवड्यात ती वरून खाली लिहिली होती. आमच्या वरिष्ठांनी काही न बोलता ब्लेड पुढे सरकविले. ट्रेसिंग पेपरवरची शाई खरवडून काढण्यात तो दिवस गेला. कारण पुढे उमगले. यंत्र हे ड्रॉइंग संपल्यावर संपत नाही. चाचणीत एक वॉशर वाढतो, गिऱ्हाईक एक झाकण मागते, आणि ते भाग यादीच्या डोक्यावर बसविता येतात. मथळ्याला आणि शीर्षकचौकटीला धक्का लागत नाही. हीच यादी वेगळ्या कागदावर लिहिली, तर मात्र मथळा वर घेऊन वरून खालीच लिहावी, कारण तेथे वाढावयास खालची जागा आणि पुढचे पान मोकळे असते. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे ७५७३ क्रमांकाचे मानक १९८३ साली निघाले, त्यात हा भेद स्पष्ट केलेला आहे. आमच्या वरिष्ठांना तो त्याच्या आधीपासून ठाऊक होता.

जेथे वाढीला जागाच नसते अशा याद्याही आपल्या ह्या तमिळ देशात आहेत. तंजावरच्या बृहदीश्वराच्या दर्शनाला आपल्यापैकी बहुतेक जण गेले असतील आणि सरफोजीराजांनी १८०३ साली तेथील भिंतीवर कोरविलेला भोसले वंशाचा मराठी लेख पाहून प्रत्येकाची मान ताठ झाली असेल. आम्हांस मात्र, धंद्याच्या खोडीमुळे, त्याच देवळावरचा राजराज चोळाचा लेख अधिक जवळचा वाटतो. देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे स्त्रियांची नावे त्यात आहेत. प्रत्येक कोणत्या देवळातून आली आणि कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूच्या कितव्या घरात राहावयाची, हेही आहे. नाव, मूळ ठिकाण, बसण्याची जागा: पार्ट लिस्टमध्ये ह्याहून वेगळे काय असते? माणसांना भागांच्या यादीत बसविल्याबद्दल क्षमा असावी. पण कोरणाऱ्याने ओळी आखताना किती वेळा मनाशी मोजदाद केली असेल, हा विचार त्या भिंतीपुढे आमच्या मनातून जात नाही. त्याच्यापाशी ब्लेड नव्हते.

आता आमच्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. ऐंशीच्या दशकाचा आरंभ होता. शहर तेव्हा मद्रास होते. शहराच्या पश्चिमेकडील एका कारखान्यात आम्ही ड्रॉइंग ऑफिसात होतो. ओझी उचलण्याच्या एका विंचची जुळणी आमच्याकडे आली. भाग १४०. दोन दृश्ये निम्म्या आकारात शेजारी-शेजारी काढली तर त्यांना सुमारे सहाशे मिलिमीटर लागत होते, म्हणजे यादीला एकच रकाना उरत होता. दोन कागद घ्यावेत असे आम्ही सुचविले. साहेबांचे म्हणणे पडले, की साइटवर दोन कागद गेले तर एक हरवतो; एकाच शीटवर बसवा. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. साइटवर कागद खरोखरच हरवतात.

आम्ही तरुण होतो आणि हाताच्या वळणाचा अभिमान होता. ओळीची उंची सातावरून साडेतीनवर आणली, अक्षर दोन मिलिमीटरचे केले. १४० भाग आणि एक मथळा अशा १४१ ओळी ५०९ मिलिमीटरमध्ये बसल्या, वर चार ओळी उरल्यासुद्धा. मे महिना होता. घामाचा हात लागून ट्रेसिंग पेपर फुगू नये म्हणून मनगटाखाली टिपकागद ठेवून तीन दिवस लिहीत होतो. काम संपल्यावर शेजारच्या टेबलांवरील मंडळी उठून पाहावयास आली. इतकी सुबक यादी आम्ही त्यानंतर कधी लिहिली नाही.

मूळ ट्रेसिंगवर ती वाचता येत होती, अमोनिया प्रिंटवरही डोळे जवळ नेले तर वाचता येत होती. पण स्टोअरमध्ये ए-१ पसरावयास टेबल नव्हते. त्यांनी झेरॉक्सवर तिची ए-३ प्रत काढून घेतली. ए-१ चा ए-३ म्हणजे लांबी निम्मी. आमचे दोन मिलिमीटरचे अक्षर एक मिलिमीटरचे झाले. एका ओळीत ‘एम १६, लांबी ८०’ असे बोल्ट होते, इंग्रजी आकड्यांत लिहिलेले. इंग्रजी आठाचे वरचे पोट त्या प्रतीत एका बाजूने फुटले आणि त्याचा सहा झाला. स्टोअरमधून साठ मिलिमीटरचे बोल्ट निघाले.

साठाचा बोल्ट त्या जागी बसलाच नसता, तर काही बिघडले नसते. दुर्दैव असे, की तो बसत होता. तीस मिलिमीटरची पाटी, वीसची फ्लँज आणि तीनचा वॉशर मिळून त्रेपन्न झाले. नटाला उरले सात. सोळाच्या बोल्टचा नट साधारण तेरा मिलिमीटर जाडीचा असतो. म्हणजे जवळजवळ निम्मे आटे रिकामे राहिले. पण पाना लावला की नट घट्ट वाटतो आणि वरून रंगाचा हात फिरला की काही दिसत नाही. त्या आठ बोल्टांवर ड्रमची बेअरिंग उभी राहावयाची होती आणि ड्रमला ओझे लटकावयाचे होते. त्या ओझ्याखाली माणसे काम करणार होती.

हे उघडकीस आले ते आमच्या किंवा तपासनिसांच्या हुशारीने नव्हे. जुळणीवर एक वयस्क तमिळ फिटर होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, म्हणजे आमच्या सुबक यादीचा त्यांना उपयोग शून्य. नट आवळला, की बोल्टचे टोक त्यातून दोन-तीन आटे बाहेर डोकावले पाहिजे, एवढे मात्र त्यांच्या बोटांना पक्के ठाऊक होते. त्यांनी प्रत्येक नटावरून अंगठा फिरविला, तो आत बुडाला. आम्हांस बोलावणे आले. आम्ही ड्रॉइंग घेऊन गेलो. त्यांनी आमचा अंगठा धरून त्या नटावर टेकविला आणि विचारले, “तंबी, इदु एन्न?” अरे धाकट्या, हे काय? तमिळ आम्हांस तेव्हा बेताचेच येत होते, एवढे कळले. आम्ही ड्रॉइंग उलगडून आठाचा आकडा दाखविला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, पुष्कळ वेळ पाहिले, आणि चष्मा पुन्हा खिशात ठेवला. ते आणखी काही बोलले नाहीत.

बोल्ट बदलले गेले, विंच गेली, कोणास काही झाले नाही. चौकशीत चूक स्टोअरच्या माथी मारण्यात आली, कारण ड्रॉइंगवर ८० असे बरोबर लिहिलेले होते. आमच्यावर ठपका आला नाही आणि आम्ही तो अंगावर ओढूनही घेतला नाही. स्टोअरमधल्या त्या कारकुनाची एक वेतनवाढ थांबली. त्यास दोन मुली होत्या. ही गोष्ट आम्ही त्या कारखान्यात असेपर्यंत कोणास सांगितली नाही. आज येथे प्रथमच सांगत आहोत.

मग लांब यादीचे करावे तरी काय? चार मार्ग आहेत. पाचवा म्हणजे अक्षर बारीक करणे, तो मार्गच नव्हे. डावीकडे दुसरा रकाना घेण्याविषयी सांगून झाले. पाच-दहा भागच वर जात असतील तर तो ठीक. मानक वस्तू, म्हणजे बोल्ट, नट, वॉशर, पिना, ह्यांची यादी निराळी करणे हा दुसरा. तो खरेदी खात्याला आवडतो, जुळणी करणाऱ्याला नाही, कारण त्याला नेमका बोल्टच हवा असतो. तिसरा मार्ग यंत्राचेच पोटभाग पाडण्याचा. आमच्या विंचमध्ये ब्रेक एक जुळणी, गिअरपेटी दुसरी, ड्रम तिसरी, आणि मुख्य ड्रॉइंगवर ह्या तीन जुळण्या व पायाची चौकट अशा मोजक्या ओळी. आमच्या मते हाच सर्वांत प्रामाणिक मार्ग, कारण फिटरही यंत्र त्याच क्रमाने जुळवितात. मात्र तो ड्रॉइंग करण्याच्या पहिल्या दिवशी ठरवावा लागतो. कागद भरल्यावर सुचून उपयोग नाही.

चौथा मार्ग वेगळ्या ए-४ पानांवर यादी लिहिण्याचा. जेथे भाग शेकड्यांनी आहेत तेथे बहुधा हाच पत्करावा लागतो. ए-४ पान स्टोअरच्या खिडकीत मावते, टंकलेखन यंत्रात जाते, आणि त्याची प्रत लहान करावी असे कोणाच्या मनात येत नाही. पण साहेबांची शंकाही खरी ठरते: यादी आणि ड्रॉइंग एकमेकांपासून दुरावतात. ड्रॉइंगची ‘सी’ सुधारणा आली आणि यादी अजून ‘बी’ वरच आहे, असे आम्ही किती वेळा पाहिले त्याची गणती नाही. त्यासाठी दोहोंस एकच क्रमांक द्यावा, यादीच्या प्रत्येक पानावर ‘इतक्यांपैकी इतकावे’ असे लिहावे, ड्रॉइंगवर यादीची पाने किती ते नोंदवावे, आणि सुधारणेचे अक्षर दोहोंवर एकाच बैठकीत, एकाच हाताने बदलावे. शेवटली अट सर्वांत सोपी, आणि हटकून तीच मोडली जाते.

ह्याच शहरातील पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उदाहरण घ्या. २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. डब्याचा आराखडा स्वित्झर्लंडमधील श्लिरेन येथील कंपनीचा. त्या घराण्याचा शेवटचा डबा २०१८ च्या जानेवारीत बाहेर पडला. म्हणजे आराखडा साठ वर्षांहून अधिक काळ राबला. रेल्वेच्या डब्याचे भाग हजारांनी मोजावयाचे. ते एका कागदावर बसवावेत असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. सांगाडा, बोगी, ब्रेक, दरवाजे असे पोटभाग आणि त्यांचे पोटभाग पाडीतच जावे लागते. गंमत अशी, की दहा हजार भागांचा प्रश्न कोणास पडत नाही आणि दहा भागांचाही नाही. पंचाईत होते ती शंभर-दीडशेंची, जेथे थोडे दाबले तर मावेल असा मोह पडतो.

आता संगणक आला आहे. यंत्राची प्रतिमा पडद्यावर घडविली, की यादी आपोआप तयार होते, नग आपोआप मोजले जातात, आणि लांबली तर तिचे तुकडे करून शेजारी-शेजारी मांडता येतात. मोजदादीतल्या चुका पुष्कळ कमी झाल्या, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. आमचे डोळे त्या ओळी मोजण्यात गेले. परंतु आमचा भाचा, जो ह्याच व्यवसायात आहे, त्याने मागे आम्हांस अभिमानाने एक शीट दाखविले. ए-१, एकच रकाना, भाग दीडशेच्या घरात. “मामा, बघा, मावले!” म्हणाला. आम्ही विचारले, अक्षर केवढे? त्यास ठाऊक नव्हते. पडद्यावर हवे तेवढे मोठे करता येते, म्हणाला. ते शीट छापून साइटवर कोण नेणार आणि कोणत्या उजेडात वाचणार, एवढेच आम्ही पुढे विचारले. त्याने त्याच रात्री त्या यंत्राचे तीन पोटभाग पाडले.

किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे आरंभी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकवीत असत, हे आपल्यापैकी काहींना माहीत असेल. जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले आणि रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. आमच्या धंद्याला रंग लागत नाही हे खरे. वाचणाऱ्याची नजर मात्र लागते.

शेवटी मंडळाचेच एक काम सांगून आटोपते घेतो, कारण चिटणीस घड्याळाकडे पाहात आहेत. आपल्या गणपतीचे घडीचे लाकडी मखर पुष्कळ जणांनी उभे केले आहे. दर वर्षी ते उभे करताना खुंट्या हरवत आणि डावा खांब उजवीकडे जाई, म्हणून कार्यकारिणीने आमच्याकडून त्याचे ड्रॉइंग करून घेतले. ते पेटीच्या झाकणाला आतून चिकटविलेले आहे. भाग ३८. अक्षर पाच मिलिमीटरचे, मराठीत. आणि फिटरांची आठवण ठेवून नावांच्या शेजारी तमिळमध्येही, कारण मंडप उभारणारी माणसे तमिळ असतात. यादी खालून वर लिहिली आहे. पहिल्या वर्षी एका वहिनींनी ती उलटी छापली गेली आहे अशी तक्रार केली होती. वर अठरा ओळी आखून मोकळ्या सोडल्या होत्या. त्यानंतरच्या चिटणिसांनी आपापल्या अक्षरात त्या भरीत आणल्या: विजेच्या माळेचे हुक, मागच्या पडद्याची दांडी, एक जादा खुंटी, पुन्हा एक जादा खुंटी. गेल्या वर्षी सत्तेचाळिसावी ओळ भरली. नऊ अजून मोकळ्या आहेत.